पहिल्या हाकेला ओ नाही

भुतांच्या गोष्टी सांगायला मला फार आवडतं. माझी बायको म्हणते, त्यातली निम्मी भुतं मी स्वतः नोकरीला ठेवलेली आहेत. म्हणून आधीच सांगून टाकतो, या गोष्टीत भूत नाही. एक मोबाइल आहे, एक सॉफ्टवेअर आहे आणि सिल्वासाच्या आसपासची थोडी माणसं आहेत. तरीही हे लिहायला बसताना मी खोलीचं दार लावून घेतलंय आणि खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलीय. आपलं असावं म्हणून.

मी सिल्वासात एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. मूळचा कोकणातला, नोकरीनं इथं आलो आणि इथलाच झालो. शाळेच्या गॅदरिंगला नाटकं बसवणं हा माझा खरा धंदा, कॉम्प्युटर जोडधंदा. आणि या दोन्हींतून उरलेल्या वेळात आणखी एक उद्योग. माणूस बोलला की त्याचं बोलणं ऐकून मोबाइलवर अक्षरं उमटवणारा एक प्रोग्राम आहे, त्याची मराठीची बाजू मी सांभाळतो. हा प्रोग्राम कुणा कंपनीचा नाही. आतली सगळी कारागिरी उघड्यावर मांडलेली. कुणीही यावं, बघावं, दुरुस्त करावं, आपला आवाज द्यावा. काम करणारे सगळे हौशी, देशभर विखुरलेले.

‘कुणीही यावं’ अशी पाटी लावली की कुणीही येत नाही. आधी जे आलेले असतात त्यांच्यासारखेच आणखी येतात. आमचंही तेच झालं. सगळे शहरातले इंजिनिअर, सगळे पंख्याखाली बसून सावकाश बोलणारे. त्यामुळे प्रोग्रामला मराठी यायची ती तेवढीच. खडोलीच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेल्या खान्देशी माणसानं तोंड उघडलं की बिचारा गांगरून काहीबाही लिहायचा.

मग मी माणसं जमवायला निघालो. सुरुवातीला सांगायचो, “सॉफ्टवेअरला योगदान द्या.” समोरचा लगेच खिसा चाचपायचा आणि म्हणायचा, “किती?” मग ते सोडलं आणि म्हणायला लागलो, “याला तुमचं बोलणं येत नाही हो, जरा शिकवा.” शिकवायला सांगितलं की आपल्याकडे कुणी मागं हटत नाही! आमलीतल्या एका कापडदुकानाच्या मालकीणबाई, घरी गुजराती आणि गिऱ्हाइकाशी मराठी बोलणाऱ्या, गिऱ्हाइकं उभी ठेवून बोलायला लागल्या. खडोलीला धाग्याच्या कारखान्यातले एक खान्देशी दादा तर चहाच्या टपरीवर अख्खी पाळी घेऊन आले.

आणि सुरंगीहून ताई आल्या.

सुरंगी आतलं गाव. भातशेती, जंगल, विखुरलेले पाडे. ताई तिथली अंगणवाडी चालवतात, वारली घरातल्या, माझ्याच वयाच्या. आवाज असा की एका हाकेत तीन पाड्यांवरची पोरं गोळा होतात. आमच्या शाळेत कसल्याशा बैठकीला आल्या होत्या. बैठक संपल्यावर दाराशी थांबल्या, चौकटीला हात लावून.

“सर तुम्हीच ना? बोललेलं लिहिनाऱ्या मोबाइलवाले?”

“मीच.”

“मंग माझं बोलनं त्याला शिकवा. मला दिसंना झालंय.”

कडेनं अंधार येत चालला होता. मधलं तेवढं दिसायचं, जसं नळीतून बघावं तसं, आणि नळी बारीक होत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही. पोरांना ओळखायला, खिचडी शिजवायला, गाणी म्हणून घ्यायला त्यांचं अडत नव्हतं. अडत होतं ते मोबाइलपाशी. पोरांची वजनं, उंची, हजेरी, सगळं आता त्यात भरायचं. पर्यवेक्षिकाबाईंनी चांगल्या शब्दांत सांगितलं होतं की पुढच्या भेटीला भरून दाखवा, नाहीतर दुसरं कुणी नेमावं लागेल.

“दुसरं कोन नेमतील, तिला नेमू द्या,” ताई म्हणाल्या. “पन माझी पोरं मला द्या म्हनावं.”

एका माणसाच्या आवाजावर हा प्रोग्राम शिकत नाही. त्या बोलीतली पुष्कळ माणसं लागतात, म्हातारी, तरणी, बायका, पुरुष. ताई म्हणाल्या, “मानसं मी बसवते. तुम्ही फक्त मशीन द्या.” मी माझा जुना मोबाइल त्यांच्याकडे ठेवला.

आता यातली करामत सांगतो, कारण ती माझी होती आणि मला तिचा भारी अभिमान होता. पूर्वी आमचा प्रोग्राम नुसता टुंग वाजवून ‘बोला’ म्हणायचा. लोक बावरायचे. नाटकवाला माणूस मी, मला ठाऊक की नावानं हाक मारली की नट जागा होतो. मी सुचवलं, आधी नावांची यादी भरून द्यावी आणि मोबाइलनं त्या माणसाला नाव घेऊन हाक मारावी. माणसानं ‘ओ’ दिली की प्रश्न विचारावा, ‘आज काय जेवलात?’, ‘शेतात काय लावलंय?’ असे साधे. ओ आली नाही तर थोडा वेळ थांबून मोबाइल गप्प होईल. हाक मारणारा आवाजही आम्ही घडवला, पाच जणांचे आवाज एकत्र घोटून. गोड, स्वच्छ, बाईचाही नाही आणि पुरुषाचाही नाही. आमलीत आणि खडोलीत सगळ्यांना गंमत वाटली. तिथं लोक घोळक्यात बसायचे, हाक येण्याआधीच चारजण ‘ओ’ म्हणून ओरडायचे.

सुरंगीत मात्र बाहेरचा कालवा नको म्हणून ताईंनी अंगणवाडीच्या मागची कोठी रिकामी केली. एकेकानं आत जायचं, दार लोटायचं, बसायचं.

आठवडा गेला आणि सुरंगीचे आवाज यायला लागले. दुपारची वेळ, शाळेला सुट्टी, कॉम्प्युटरच्या खोलीत मी एकटा. कानाला हेडफोन लावले आणि ऐकायला बसलो.

पहिल्या फाइलीत आमच्या गोड आवाजानं एका माणसाला हाक मारली. पुढे काही नाही.

दुसरीत एका बाईला हाक. पुढे काही नाही.

तिसरी, चौथी, तशाच. मला वाटलं, माइक बिघडला. आवाज वाढवला. आणि मग कळलं की रिकामी फाइल वेगळी आणि गप्प फाइल वेगळी. या गप्प होत्या. प्रत्येक फाइलीत हाकेआधी माणूस श्वास घेत होता, सरळ, जसा आपण घेतो. हाक आली की श्वास थांबायचा. एकीत बांगड्या वाजल्या आणि दुसऱ्या हातानं धरल्यासारख्या एकदम बंद झाल्या. एकीत लांब कुठं कोंबडी ओरडत होती, आणि तिच्या आवाजाखाली कुणीतरी अनवाणी, एकेक पाऊल मागं सरत होतं. एकीत कुत्रा गुरगुरायला लागला, नेमका हाकेनंतर.

मी एकामागून एक ऐकत गेलो. माणसांमागून माणसं, आणि सगळी हाक ऐकून श्वास कोंडून बसलेली. मधेच मी हेडफोन काढले आणि दाराकडे पाहिलं. दार बंदच होतं. ते बंद आहे याचं बरं वाटलं, मग ते मी कधी बंद केलं ते आठवेना.

शेवटच्या थोड्या अलीकडच्या एका फाइलीत ओ होती.

हाक आली, शांतता, आणि मग लांबून, जशी शेताच्या पल्याडून यावी तशी, “ओऽ.” आमच्या प्रोग्रामला तेवढं पुरलं. त्यानं आपल्या गोड आवाजात विचारलं, “आज काय जेवलात?” उत्तर आलं नाही. पण खोलीत बसलेल्या माणसाचा श्वास मात्र सुरू झाला, भरभर.

मी पुण्याच्या आमच्या इंजिनिअरबाईंना फोन केला. प्रोग्रामचा हा भाग त्या लिहितात, जीभ धारेची, काम त्याहून धारेचं. त्या म्हणाल्या, “सर, माइकची परवानगी दिली नसेल.”

“परवानगी आहे. श्वास ऐकू येतायत.”

“मग लोक लाजत असतील.”

“लाजणारा माणूस खाकरतो हो. हे मेल्यासारखे गप्प आहेत.”

“तुम्ही तिथं जाऊन बघा,” त्या म्हणाल्या, “आणि तो ‘मेल्यासारखे’ शब्द गटाच्या चर्चेत लिहू नका.”

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून सुरंगी गाठली. भर दुपार होती, सागाची पानं खडखडीत वाळून रस्त्यावर पडलेली, त्यांच्यावरून चाक गेलं की मागून कुणी चालत येतंय असं वाटायचं. अंगणवाडीच्या ओट्यावर पाड्यावरची मंडळी बसली होती, गप्पा रंगात. माझी टिंगल करून झाली, माझ्या पोटाबद्दल दोन शब्द झाले. तोंडाला कुलूप कुणाच्याच नव्हतं.

“मग आतमध्ये काय होतं तुम्हाला?” मी विचारलं.

ताईंच्या सासूबाई भिंतीशी बसल्या होत्या. म्हातारी डोळे बारीक करून म्हणाली, “तुझ्या त्या मोबाइलात आवाज कोनाचा रं?”

आणि मी, आमच्या कारागिरीच्या अभिमानानं फुगून, छाती काढून, प्रेक्षकांना शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “आजी, कोणाचाच नाही!”

ओट्यावर एका बाईनं मांडीवरचं पोर जवळ ओढलं.

“कोनाचाच नाय,” म्हातारी म्हणाली. “आनि नाव घेऊन हाक मारतो.”

“हो.”

“येकदाच.”

माझ्या मानेवर काटा आला तो तेव्हा. कारण हे मला माहीत होतं! सुरंगीचं नव्हे, माझ्या घरचं. कोकणात आई आम्हाला बजावायची की बाहेरून कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर परत मारील. जे माणूस नाही ते एकदाच हाक मारतं, आणि ओ दिली की दिली. आम्ही पोरं दाराआड श्वास धरून दुसऱ्या हाकेची वाट बघायचो. आणि मीच आता एक बिनधन्याचा आवाज घडवून त्याला शिकवलं होतं की बंद खोलीत एकट्या बसलेल्या माणसाला नावानं हाक मार, एकदाच मार, आणि ओ येईपर्यंत टपून बस.

मला हसू फुटलं. पोट धरून हसलो. आधी ताई हसल्या, मग सगळा ओटा. म्हातारी तेवढी हसली नाही.

“ती एक ओ कोणाची?” मी विचारलं आणि ती फाइल लावली. लांबची ती “ओऽ” ओट्यावरून गेली. “आज काय जेवलात?” विचारून झालं. कडेला बसलेली एक बाई पुढं आली. “आत मी व्हते,” ती म्हणाली. “पन ती ओ माझी नाय. मी तं तोंड दाबून व्हते.” बाकीच्यांनी माना हलवल्या, कुणाचीच नव्हती. शेतात कुणी कुणाला दिली असेल, असं मी म्हणालो. मी म्हणालो म्हणून ते तिथंच राहिलं. त्या फाइलीवर मी ‘वापरू नये’ अशी खूण केली. पुसायला मात्र हात धजला नाही.

ताई उठल्या. चौकट चाचपत ओट्याच्या कडेला आल्या. “मानसं परत बसवीन,” म्हणाल्या, “पन त्याला दोनदा हाक मारायला सांगा. आनि तो कोनाचाच नसलेला आवाज काढा. माझा घाला. मला वलखतात समदे.”

“आनि तू मेल्यावर?” म्हातारीनं सुनेला विचारलं.

“मेल्यावर ओ देऊ नका म्हंजे झालं,” ताई म्हणाल्या. “आज बी कुठं वेळेवर देता?”

परत येऊन मी गटाच्या चर्चेत सगळं लिहून मांडलं. आमचा नियम असा की कुणाचीही सूचना असो, सुचवणाऱ्याच्या गावाबाहेरच्या निदान दोघांनी होकार दिल्याशिवाय ती प्रोग्रामात जात नाही. पुण्याच्या बाईंनी पहिला दगड टाकला.

“सर, आपण माणसांसाठी लिहितोय की भुतांसाठी?”

“माणसांसाठीच,” मी लिहिलं. “भुतं पहिल्या हाकेलाच ओ देत असतील.”

“हाकच काढून टाकू. टुंग वाजवू.”

हे सोपं होतं, आणि मी जवळजवळ हो म्हटलं होतं. पण तेवढ्यात खडोलीचे दादा चर्चेत आले. आजवर त्यांनी आवाज दिला होता, चर्चेत एक शब्द लिहिला नव्हता. त्यांनी लिहिलं, “आमनाकडे बी असंच शे. पहिली हाकले ओ देवानी नई. टुंगले कोण ओ दी?” त्यांच्याखाली आमलीच्या मालकीणबाई उगवल्या, “अमारे त्यां पण एवुं ज,” म्हणजे त्यांच्याकडेही असंच. मग ज्यांना मी ओळखतही नव्हतो असे लोक यायला लागले. ईशान्येकडच्या एका डोंगरी गावची मुलगी, तिच्याकडे तीन हाका लागतात. दक्षिणेतला एक कोळी, त्यांच्याकडे समुद्राकडून हाक आली तर मुळीच ओ नाही, कितीही हाका येवोत. बंगालमधल्या एक निवृत्त शिक्षिका, त्यांनी लिहिलं की नवरा शेजारच्या खोलीतून हाक मारतो तेव्हाही त्या थांबतात, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी, आणि नवऱ्याला वाटतं त्यांना कमी ऐकू येतं.

माणसं जमावीत म्हणून मी वर्षभर काय काय केलं होतं! चहा पाजला, भाषणं केली, पत्रकं लावली. आणि ही सगळी आता आपण होऊन दाराशी आली होती, या एका भीतीचं बोट धरून. मी आनंदानं एकेक ओळ वाचत होतो, आणि वाचता वाचता दुसरी गोष्ट ध्यानात आली. या लोकांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. डोंगर वेगळे, समुद्र वेगळे, देव वेगळे. आणि प्रत्येकाच्या दाराबाहेर ते एकच काहीतरी उभं आहे, नाव माहीत असलेलं, एकदाच हाक मारणारं.

पुण्याच्या बाईंनी शेवटी लिहिलं, “ठीक आहे. ज्यांना हवं त्यांना दोन हाका. आवाज गावातल्या जिवंत माणसाचा, त्याच्या संमतीनं, आणि तो माणूस गेला की त्याच दिवशी काढायचा.” मग मला एकट्याला फोन केला. “मी आठव्या मजल्यावर राहते,” म्हणाल्या. “परवा बाल्कनीबाहेरून कुणीतरी माझं नाव घेतलं.”

“मग?”

“मग काय, भांडी घासत राहिले.”

ताईंनी कोठीत पुन्हा माणसं बसवली. आता त्यांच्या बोलण्यावरून आम्ही घडवलेला त्यांचाच आवाज हाक मारायचा, थोडा दटावणीचा, थोडा लाडाचा. पहिल्या हाकेला सगळे गप्प. दुसऱ्या हाकेला “ओ!”, आणि मग जेवण, शेत, सुना, कोंबड्या, रानडुकरं, सगळं आलं. म्हातारी तर मोबाइलचा वेळ संपला तरी बोलत होती. प्रोग्राम शिकत होता. इकडे ताईंची नळी बारीक होत होती. पर्यवेक्षिकाबाईंची भेट ठरली तोवर ताईंना समोरच्या माणसाचं तोंडही दिसत नव्हतं, फक्त उजेड कुठल्या बाजूला आहे ते कळायचं.

भेटीच्या दिवशी मी रजा टाकून गेलो. पर्यवेक्षिकाबाई मुंबईकडच्या, शिस्तीच्या, मनानं वाईट नव्हेत. खुर्चीवर बसल्या. “ताई, दाखवा भरून.” पोरं ओळीनं बसली. मदतनीस बाई एकेकाला काट्यावर उभं करून वजन मोठ्यानं सांगणार, ताई बोलणार, मोबाइल लिहिणार.

ताईंनी मोबाइल तोंडासमोर धरला.

मोबाइलनं ताईंना हाक मारली. त्यांच्याच आवाजात, त्यांचंच नाव.

याचा विचार आम्ही कुणीच केला नव्हता. गावातल्या सगळ्यांना ताई हाक मारत होत्या, ताईंना कोण मारणार? आपलं नाव आपल्याच गळ्यातून बाहेरून आलेलं ऐकून ताई दगड झाल्या. डोळे उघडे, दिसत काही नाही. पर्यवेक्षिकाबाई म्हणाल्या, “बोला ना, हाक मारतोय तो.” ताई बोलल्या नाहीत. दुसरी हाक यायला दोन श्वास लागतात. त्या दिवशी ते फार लांबले.

दुसरी हाक आली.

ताईंनी ओठ ओले केले. स्वतःच्या आवाजाला त्यांनी ओ दिली, हळू, जशी आपण अनोळखी घराच्या दारात देतो. मग सांगायला लागल्या, हे पोर, एवढं वजन, एवढी उंची, ते पोर, आज आलं नाही, आजीकडे गेलंय. अक्षरं उमटत गेली. पर्यवेक्षिकाबाई त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचत होत्या. एका ठिकाणी चूक झाली, ताईंनी परत सांगितलं, सुधारली. शेवटचं पोर काट्यावरून उतरलं तेव्हा पर्यवेक्षिकाबाई सरळ झाल्या. “चालू ठेवा,” म्हणाल्या. “दुसरं कुणी नेमायची गरज नाही.” ताईंनी मोबाइल पदरात गुंडाळला आणि पोरांना खिचडीला बसवलं.

मी बाईंना जीपपर्यंत सोडायला गेलो. अंगण ओलांडताना त्यांनी विचारलं, “पहिल्या हाकेला त्या बोलल्या का नाहीत?” मी सांगितलं. थोडक्यात सांगितलं, माझ्या मानानं. त्या ऐकत होत्या, हसल्या नाहीत. जीपच्या दाराला हात लावला.

मागून हाक आली. बाईंचं नाव, आडनाव नाही, नुसतं नाव. अंगणवाडीत त्यांना सगळे मॅडमच म्हणतात.

त्या वळल्या नाहीत. मीही नाही. खिचडीच्या ताटल्यांचा आवाज येत होता, ताई पोरांवर ओरडत होत्या. आम्ही दोघं जीपच्या पत्र्याकडे बघत उभे होतो. ड्रायव्हर आळीपाळीनं आमच्या तोंडांकडे बघत होता. बराच वेळ थांबलो, कुणी माणूस असेल तर त्याला पुरेल इतका.

मग बाई आत बसल्या, दार ओढून घेतलं आणि काच वर करता करता म्हणाल्या, “चला.”